तुमच्या माहेरी कुणाला होतं का?

सरोजिनी नगरच्या बाजारात आम्ही मायलेकी जातो त्या सकाळी, दुकानांची शटरं अर्धी वर असतात तेव्हा. दुपारनंतर तिथे पाऊल ठेवायला जागा नसते हे तर आहेच, पण आमचं कारण निराळं आहे. धाकटी साडेतीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. एका दुकानापुढे काळ्यापांढऱ्या आडव्या पट्ट्यांचे टी-शर्ट एकाला एक लागून टांगलेले होते. ती त्यांच्यासमोर थबकली. पापण्या भराभर फडफडायला लागल्या, उजवा हात कोपरातून दोनदा झटकला गेला, आणि मी "काय गं?" म्हणेपर्यंत ती जमिनीवर होती. लोक जमले. कुणी तिच्या तोंडात पाणी घालायला बघत होतं, कुणी "मिर्गी है, जूता सुंघाओ" म्हणत पायातला बूट काढला. मी तिला एका कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणीची घडी सरकवली आणि घड्याळाकडे बघत बसले. तीन मिनिटं वीस सेकंद.

तेवढं शांत राहायला मी तोवर शिकले होते. ते शिकण्याआधीच्या काळात आमच्या घरात जे झालं, ते आज तुमच्याशी बोलायचं आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी तापात आकडी येणारं मूल असेल, कुणाचं बोलत नसेल, कुणाचं एका जागी बसत नसेल. आजार वेगवेगळे असतील. पण घरात विचारला जाणारा पहिला प्रश्न सगळीकडे तोच असतो, असं मला या इतक्या वर्षांत दिसलं आहे.

धाकटी २०११ सालची. तिच्या जन्मानंतर मी साताऱ्याहून दिल्लीला उशिरा परतले, म्हणून लसीचा तिसरा डोस लांबला आणि पाचव्या महिन्यात दिला गेला. त्या रात्री तिला ताप आला आणि पहाटे फिट आली. अंगाची फक्त डावी बाजू झटके देत होती, आणि ते थांबायला अर्ध्या तासाच्या वर वेळ लागला. आमच्या क्वार्टरपासून रिंग रोड ओलांडला की सफदरजंग हॉस्पिटल, आणि त्याच्या समोर, अरबिंदो मार्गापलीकडे एम्स. देशभरातून लोक रात्रीच्या गाड्या पकडून जिथे येतात ते आमच्या दाराशी होतं. तरीही आम्हाला तिच्या आजाराचं नाव कळायला पुढची चार वर्षं लागली.

सकाळी साताऱ्याला फोन गेला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या माहेरी कुणाला होतं का असं?"

मी "नाही" म्हटलं. रात्री मात्र झोप लागली नाही. एक चुलत आत्या आठवली, ती लहानपणी "बसल्या जागी हरवायची" म्हणे. मग गरोदरपणातलं सगळं आठवायला लागलं: सातव्या महिन्यात केलेला रेल्वेचा प्रवास, ग्रहणाच्या दिवशी कापलेली भाजी, रक्त वाढायच्या गोळ्या मळमळतं म्हणून चुकवलेले दिवस. माझ्या नवऱ्याचं दुःख वेगळ्या वाटेने गेलं. त्यांनी सगळा राग लसीवर काढला. लस टोचली नसती तर पोर धडधाकट राहिली असती, असं ते पुढची चार वर्षं म्हणत राहिले.

या लसीच्या गोष्टीवर मला थोडं थांबायचं आहे, कारण तिच्यापायी अजूनही काही घरांत धाकट्या भावंडांच्या लसी थांबवल्या जातात. ऑस्ट्रेलियातले मेंदूविकारतज्ज्ञ सॅम्युअल बर्कोविक यांच्या गटाने २००६ साली अशा १४ जणांची जनुकं तपासली, ज्यांच्या मेंदूला लसीमुळे इजा झाली असं धरलं गेलं होतं. १४ पैकी ११ जणांमध्ये एकाच जनुकात बिघाड सापडला. तो जन्मापासून तिथे होता. लसीने फक्त ताप आणला आणि तापाने ती पहिली फिट बाहेर काढली. लस टाळली असती तर पुढच्या सर्दीतापाने तेच केलं असतं. हे वाचून दाखवलं तेव्हा यांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि तीनदा वाचला.

त्या जनुकाचं नाव एससीएन१ए. आजाराला ड्रावे सिंड्रोम म्हणतात. शार्लोट ड्रावे या फ्रान्समधल्या डॉक्टरीणबाईंनी १९७८ साली त्याचं वर्णन केलं, आणि २००१ साली बेल्जियमच्या संशोधकांना त्यामागचं जनुक सापडलं. साधारण १५ ते २० हजार मुलांत एखाद्याला तो होतो. लगेच घाबरू नका. सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापात फिट येणं शंभरात दोन ते पाच मुलांना होतं आणि त्यातली बहुतेक मुलं पुढे अगदी ठणठणीत राहतात. आमच्या धाकटीचं चित्र निराळं होतं. फिट पाचव्या महिन्यातच सुरू झाली, लांबली, एका बाजूची होती, कधी डावी तर कधी उजवी, आणि थोडा ताप चढला तरी परत यायची. साधं गरम पाणीसुद्धा पुरायचं. २०१२ च्या दिवाळीत पहाटे उटणं लावून, छान कढत पाण्याने मी तिला अभ्यंगस्नान घातलं, आणि न्हाणीघरातच ती माझ्या हातात ताठ झाली. बाहेर आमच्या थोरल्या मुलाने फुलबाजी पेटवली होती. त्यानंतर आमच्याकडे दिवाळीचं पाणी कोमट असतं.

आणि दिल्लीचा जून! आमचे क्वार्टर जुने, सरोजिनी नगरचं नाव विनय नगर होतं तेव्हाच्या बांधणीचे. खिडकीत कूलर, वर तापलेली गच्ची. पारा चव्वेचाळीसला गेला की मी ओल्या पंच्याने तिचं अंग पुसत बसायची. २०१८ च्या जूनमध्ये इथल्या वसाहती पाडून नव्याने बांधण्यासाठी झाडं तोडायला लागले तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. त्या लोकांत मीही होते. इतरांची कारणं मोठी असतील, पण मला मात्र आमच्या खिडकीवरची कडुनिंबाची सावली हवी होती.

उष्णतेने मेंदू असा का कोलमडतो, हे मला ज्यांनी नीट समजावलं त्या डॉक्टरांनी सुरुवात चिलटांपासून केली. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावतात ती चिलटं. १९७१ साली कॅनडातल्या डेव्हिड सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चिलटांची एक जात सापडली. ती २२ अंशांना मजेत उडायची आणि २९ अंशांना पटापट कोसळून पडायची. परत थंडाव्यात आणली की क्षणात उठून चालायला लागायची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेव्हा ओबेद सिद्दिकी होते. होमी भाभांनी १९६२ साली त्यांना कुलाब्याला बोलावून जीवशास्त्राचा विभाग उभा करायला दिला होता. सिद्दिकी अमेरिकेत सीमोर बेंझर यांच्याबरोबर काम करायला गेले आणि त्या दोघांनी या कोसळणाऱ्या चिलटांच्या नसांमधली वीज मोजली. १९७६ साली त्यांनी लिहिलं की स्नायू धड आहेत, पण उष्णतेत नसेतून संदेश पुढे जात नाही. पुढे १९८९ साली त्या जनुकाचा छडा लागला. पेशीच्या भिंतीत सोडियम आत येऊ देणारी जी बारीक दारं असतात, ती बनवणारं ते जनुक निघालं. माणसात त्याच घराण्यातलं जनुक म्हणजे हे एससीएन१ए.

मला ते ऐकताना काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. माझी मुलगी जन्मण्याच्या पस्तीस वर्षं आधी कुणीतरी उष्णतेत पडणाऱ्या एका चिलटाकडे इतकं मन लावून बघितलं होतं.

चिलटात आणि मुलीत सगळं सारखं नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. आपल्या मेंदूत काही पेशी हालचाल पेटवतात आणि काही ती आवरतात. चौकातल्या हवालदारासारख्या या आवरणाऱ्या पेशी एससीएन१एच्या दारांवर फार अवलंबून असतात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती. धाकटीची एक प्रत निकामी, म्हणून दारं निम्मीच. हवालदार जागेवर आहे, पण त्याचा हात वेळेवर वर होत नाही, आणि ताप चढला की चारही बाजूंच्या गाड्या एकदम सुटतात. ती फिट.

आता औषधाबद्दल. हा भाग मी प्रत्येक आईबापाला भेटेल तिथे सांगते. अपस्माराची काही नेहमीची औषधं सोडियमची दारं मिटवूनच काम करतात: कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन. लाखो लोकांना त्यांनी गुण येतो. पण ज्याची दारं आधीच निम्मी, त्याला तीच औषधं बहुधा उलटतात. धाकटीला एका दवाखान्यात कार्बामाझेपिन सुरू केलं होतं. महिन्याला एक येणारी फिट आठवड्याला तीनवर गेली, आणि आम्हाला सांगण्यात आलं की डोस कमी पडतोय. डोस वाढला. फिटाही वाढल्या. तेव्हा नाव ठाऊक असतं तर ते दीड वर्ष वाचलं असतं. रिपोर्ट आल्यावर औषध हळूहळू बदललं, ती व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझामवर आली, आणि पहिल्यांदा तिचे सलग एकोणीस दिवस कोरडे गेले. मी कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या, ते पान अजून आहे. म्हणून हात जोडून सांगते, हे वाचून कुणी आपल्या मुलाचं औषध स्वतःहून बंद करू नका, अचानक बंद केलेलं औषध जिवावर बेततं. डॉक्टरांना मात्र जरूर विचारा: औषध वाढवूनही फिटा वाढतायत, तर जनुकाची तपासणी करायची का?

तपासणी म्हणजे काय? थोडं रक्त. आमचं तिघांचं घेतलं, तिचं आणि आमचं दोघांचंही. आईबापांचं रक्त घेतलंच पाहिजे असा आग्रह धरा, कारण सापडलेला बदल नवा आहे की वारशाने आलेला हे त्याशिवाय कळत नाही. रिपोर्टमध्ये कधी कधी "अर्थ अनिश्चित" असा शेरा येतो. त्याने खचू नका आणि त्याच्यावर निर्णयही घेऊ नका, वर्षा-दोन वर्षांनी तोच रिपोर्ट पुन्हा वाचून घ्या. आणि जाताना मोबाईलवर काढलेला फिटचा व्हिडिओ न्या. काढताना हात थरथरतो, माझाही थरथरला, पण माझ्या दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा डॉक्टरांना त्या चाळीस सेकंदांतून जास्त कळलं.

आमच्या रिपोर्टात दोन ओळी महत्त्वाच्या होत्या. एक, मुलीच्या एससीएन१ए जनुकात बिघाड आहे. दोन, तो आईतही नाही आणि वडिलांतही नाही.

मला वाटलं, काहीतरी चुकलंय. रिपोर्ट समजावून सांगणाऱ्या समुपदेशक बाई म्हणाल्या, नाही, ड्रावेमध्ये बहुतेकदा असंच असतं. जनुकांची प्रत काढताना तीन अब्ज अक्षरं उतरवायची असतात. प्रत्येक बाळात साठ-सत्तर अक्षरं नव्याने बदललेली असतात, तुमच्यात आणि माझ्यातही. बहुतेक बदल निरुपद्रवी जागी पडतात. एखादा नको तिथे पडतो. तुम्ही काय खाल्लं, कुठे गेलात, काय कापलं, याचा त्याच्याशी संबंध नाही. मी त्यांना ग्रहणाच्या भाजीबद्दल विचारलं होतं, म्हणून त्या हे इतकं सावकाश सांगत होत्या. पुढच्या बाळाला धोका किती, हेही विचारलं. खूप कमी, पण शून्य नाही, कारण क्वचित आई किंवा वडिलांच्या काही थोड्याच पेशींत तो बदल लपलेला असू शकतो आणि रक्तात दिसत नाही. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर हा प्रश्न दिवस राहण्याआधी विचारा.

काही घराण्यांत याच जनुकातला सौम्य बदल पिढ्यान् पिढ्या चालत येतो. आजोबांना लहानपणी तापात फिटा, काकांना दहाव्या वर्षापर्यंत, नातीला जास्त. तिथे वारसा आहे. पण त्या आजोबांनी तो कुठे निवडला होता?

धाकटी दोन वर्षांची झाली तरी दोन शब्द जोडत नव्हती. पायाला भिंगरी. हाक मारली तर बघायची नाही, पण शिट्टी वाजली की कान झाकून ओरडायची. वसाहतीत सल्ल्यांना तोटा नव्हता: मोबाईल दाखवता, घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलता म्हणून गोंधळते, लाडावलीय, एक ठेवून द्या. मी एकदा खरंच ठेवून दिली होती. गालावर चार बोटं उठली होती आणि ती माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होती. नंतर कळलं की ज्या आवरणाऱ्या पेशी फिट थांबवत नाहीत, त्याच पेशी गोंगाटातून एक आवाज निवडायला, हात आवरायला, नजर स्थिर करायलाही लागतात. वागणं हा त्या आजाराचाच भाग होता. ती मला छळत नव्हती.

आयांना दोष देण्याची रीत जुनी आहे आणि शिकलेल्या जगातही होती. स्वमग्न मुलांच्या आया थंड मनाच्या असतात म्हणून मुलं तशी होतात, असं अमेरिकेत वीसेक वर्षं मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते. १९७७ साली सुझान फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या २१ जोड्या पाहिल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलं स्वमग्न होती, आणि वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० पैकी एकाही जोडीत तसं नव्हतं. आई दोघांचीही एकच होती. त्या लहानशा अभ्यासाने आयांच्या डोक्यावरचं किती मोठं ओझं उतरवायला सुरुवात केली! स्वमग्नता किंवा अतिचंचलता यांना बहुतेक वेळा एक जनुक नसतं. शेकडो जनुकांचे बारीक बारीक हात असतात, आणि गर्भातल्या नि जन्मानंतरच्या गोष्टी त्यात मिसळतात. म्हणून त्या मुलांच्या रिपोर्टात पुष्कळदा काहीच सापडत नाही. त्याचा अर्थ मूल नाटक करतंय असा होत नाही.

जनुक सापडलं म्हणजे मुलीचं सगळं भविष्य सापडलं, असंही नाही. सारखाच बदल असलेल्या दोन मुली सारख्या निघत नाहीत. धाकटीला जागरण चालत नाही, झोप मोडली की दुसऱ्या दिवशी फिट ठरलेली. म्हणून आमच्याकडे नऊला दिवे बंद होतात, पाहुणे असले तरी. पट्ट्यांचे, चौकड्यांचे कपडे घरात नाहीत. रात्री ती माझ्याशेजारी झोपते, कारण या आजारात झोपेत जीव जाण्याचा धोका असतो, आणि हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं म्हणून मी तुम्हाला सांगते आहे. दप्तरात आणि माझ्या पर्समध्ये फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा असतो. तो डॉक्टरांनी लिहून दिलेलाच घ्यावा आणि कधी मारायचा ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्यावं. फिट आली तर कुशीवर वळवा, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, आणि वेळ मोजा. पाच मिनिटांवर गेली की हॉस्पिटल. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांनी फिट थांबत नाही. ती आपसूक थांबते आणि श्रेय कांद्याला जातं.

अपस्मार असलेल्या मुलींच्या लग्नाची काळजी मला पुष्कळ आया सांगतात. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा विवाह रद्द करण्याच्या कारणांत गणला जायचा, तो शब्द १९९९ साली काढून टाकला गेला. तरी मुलाकडच्यांपासून लपवू नका. गोळ्या लपवून घ्याव्या लागल्या की त्या चुकतात, आणि चुकलेली गोळी सासरच्या नजरेपेक्षा जास्त घातक आहे. आणि एकटे राहू नका. पुण्यात 'संवेदना' नावाचा अपस्माराच्या रुग्णांचा आणि नातेवाइकांचा मदतगट आहे. दिल्लीत आम्ही चार-पाच मराठी घरं नुसतीच एकमेकांच्या फोनवर असतो. रात्री दोन वाजता मराठीतून "कितवं मिनिट?" असं विचारणारं कुणीतरी असावं.

रिपोर्ट आला त्या आठवड्यात सासूबाई दिल्लीत होत्या. समुपदेशक बाईंनी कागदावर आमची वंशावळ काढली होती, पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. तीन पिढ्यांत फक्त एक गोल काळा केलेला, धाकटीचा. मी तो कागद जेवणाच्या टेबलावर पसरला आणि सांगितलं, हे माझ्याकडून आलेलं नाही, यांच्याकडूनही नाही, कुणाकडूनच नाही.

त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग वरच्या ओळीत, त्यांच्या स्वतःच्या गोलाशेजारी, त्यांनी बोट ठेवलं. "इथं एक राहिलाय," म्हणाल्या.

त्यांना एक धाकटा भाऊ होता. त्याला फिटा यायच्या. गावात कळू नये म्हणून पाहुणे आले की त्याला गोठ्यामागच्या खोलीत बसवायचे. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा सासरी सांगितलं गेलं की मुलीला भाऊच नाही. तो सतराव्या वर्षी गेला आणि त्या रडायलाही माहेरी जाऊ शकल्या नाहीत. यांना म्हणजे स्वतःच्या मुलालाही कधी बोलल्या नव्हत्या. धाकटीला पहिली फिट आली त्या सकाळी फोन हातात धरून त्यांना वाटलं होतं, आलं, माझ्याकडूनच आलं. आणि तोंडातून माझ्या माहेरचा प्रश्न गेला.

मी पेन आणलं. त्यांच्या गोलाशेजारी एक चौकोन काढला. आमच्या रिपोर्टात त्याने काहीच बदलणार नव्हतं, हे त्यांनाही कळलं होतं. नाव काय लिहू विचारलं तर लगेच बोलल्या नाहीत. धाकटी तेव्हा टेबलाखाली बसून वाटी वाजवत होती. तिच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "तोही असाच वाट्या वाजवायचा. आमसुलाचं सार फार आवडायचं त्याला."